वर्गणीदार, मुक्काम सुलतानपूर

सुलतानपूर, ता. लोणार
६ ऑक्टोबर २०२३

श्रीमती धम्मशीलाबाई अंभोरे यांना भगवानराव मापारीचा नमस्कार.

नाव पाहून पत्र फाडू नका. आधी पुरं वाचा, मंग खुशाल फाडा.

आठ वर्षाआधी तुमच्या जानेफळच्या कॉलेजात येऊन साऱ्या मास्तर लोकाईसमोर तुम्हाले वाट्टेल ते बोलला, तो मीच. ‘माझ्या पोरीच्या डोक्यात कवितेचं भूत या बाईनं घातलं’ असं म्हटलं होतं. अजूनही बरंच म्हटलं होतं, ते लिहाले लाज वाटते.

फोनच करणार होतो. जानेफळच्या तानुबाईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, तुमचा नंबर देला. तीनदा लावला अन् तुमचा ‘हॅलो’ आल्याबरोबर तीनदा कापला. शेवटी पोस्टातून पाकिट आणलं.

काम असं हाये. ज्याच्यात कविता-गोष्टी छापून येतात ती लहान लहान मासिकं मले पाहिजेत. मेहकरच्या दुकानात इचारलं, त दुकानदार म्हणे, “काका, पोलीसभरतीचं देऊ का?” आता सत्तरीच्या उंबरठ्यावर मी काय पोलीसभरती होऊ! तर कोणती चांगली, कोणती वाचण्याजोगी, कोठून मागवावं, तेवढं लिहून पाठवा. तुम्ही आता रिटायर होऊन वाचनालय चालवता, असं समजलं.

हल्ली वेळ जात नाई, म्हणून वाचावं म्हणतो.

आपला,
भगवानराव मापारी


जानेफळ
१४ ऑक्टोबर २०२३

भगवानराव, जय भीम.

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं. सोयाबीनच्या ऐन सोंगणीत ‘वेळ जात नाही’ म्हणणारा शेतकरी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. खरं कारण लिहायची हिंमत झाली की लिहा. फोन मात्र करू नका. फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलतो, पत्रात निदान पेन उचलावं लागतं.

आता माझं ऐका. तुम्ही तुमच्या वैष्णवीचा म्हणून जो गठ्ठा रद्दीत घातलात, तो तिचा नव्हता. माझा होता. ‘वखर’ नावाच्या त्रैमासिकाचे सात वर्षांचे अंक, एकही अंक न चुकलेला. तिला वाचायला दिले होते. ते त्रैमासिक पुढं संपादक वारल्यावर बंद पडलं. आता ते अंक कुठंच मिळत नाहीत. तुमच्या शिव्या मी केव्हाच विसरले, तो गठ्ठा मात्र विसरले नाही.

तरी विचारलंत म्हणून सांगते.

‘पाखडण’ वाशीमहून निघतं, तीन महिन्यांनी. सुरुवात त्यानं करा. त्यात गोष्टी जास्त असतात आणि त्या गोष्टींतली माणसं तुमच्या ओळखीची निघतील. ‘कुंपणाबाहेर’ जालन्याचं आहे. त्यातलं निम्मं मला कळत नाही, पण उरलेलं निम्मं कळलं की चार दिवस दुसरं काही सुचत नाही. आणि खामगावचं ‘धुऱ्यावर’. ते वेळेवर कधीच येत नाही. संपादक एसटीत कंडक्टर होते, पेन्शनीतून काढतात. कागद हलका, छपाई कधी पुसट. पण कवितेसाठी सध्या त्याच्याइतकं चांगलं मला तरी दुसरं माहीत नाही. नव्या मुली फार छान लिहितात त्यात.

तिन्हींचे पत्ते मागच्या कागदावर आहेत. वर्गणीदार व्हा, फुकट अंक मागू नका. आणि अंक आला की शेवटच्या पानापर्यंत वाचा. या अंकांत चांगली गोष्ट कुठल्याही कोपऱ्यात असते.

धम्मशीला अंभोरे


सुलतानपूर
१९ नोव्हेंबर २०२३

बाई, जय भीम.

गठ्ठा तुमचा होता हे मले ठाऊक नोतं. आता ‘माफ करा’ म्हटलं तरी अंक थोडीच वापस येतात. तरी म्हणतो.

खरं कारण सांगतो. वैष्णवीले पाह्यल्याले सहा वर्षं झाली.

तुम्हाले अर्धंच माहीत असन. तानुबाईकडे राहून ती अकरावीत शिकत होती. तिची कविता त्या ‘वखर’मध्ये छापून आली. मी वाचली नाई. मले ती हॉटेलावर समजली. पंधरा माणसं चहा पिऊन राह्यली होती. एकानं कविता वाचलेली, तो माह्याकडे पाहून हासला अन् म्हणे, “काय भगवानराव, पोरीनं तुम्हाले छापून काढलं राजेहो!” बाकीचेही हासले. मी काय छापलं ते इचारलंच नाई. घरी आलो, पोरीची घरी राह्यलेली पेटी उघडली, गठ्ठा उचलला अन् स्टँडवरच्या भजेवाल्याले देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो तंडाले.

पुढचं कोणाले सांगितलं नाई. चार दिवसानं पोरगी सुट्टीत घरी होती. म्हटलं, रुसली असन, तिच्यासाठी गरम भजे घेऊन गेलो. तिनं पुडी उघडली. भजे माह्या ताटात टाकले अन् कागद हातात धरून पाह्यत बसली. त्याच्यावर तिचीच कविता होती बाई! तेलानं कागद आरपार दिसत होता. मले वाटलं आता रडन, भांडन. ती कागद घेऊन आत गेली. बारावी झाली, अमरावतीले शिकाले गेली. आधी पत्र बंद, मंग फोन बंद, मंग येणंच बंद. तिची माय ती चार वर्षाची होती तवाच गेली, त मधात पडून समजावणारंही कोणी नाई.

वर्षातून एकदा तानुबाईले फोन करते. यंदा म्हणाली, नोकरी लागली हाये, बरी हाये, अन् लहान मासिकाईत लिहिते. पण दुसऱ्या नावानं. तानुबाईनं नाव इचारलं त म्हणे, “आत्या, नाव सांगून काय फायदा, बाबा कुठं वाचते!”

म्हणून वाचून राह्यलो. तिले धुंडाले दुसरा रस्ता नाई मह्यापाशी. तुम्हाले ते नाव माहीत हाये का?

तिन्ही अंक आले. ‘पाखडण’ आवडलं. त्यातल्या एका गोष्टीत थ्रेशर बिघडते, ते ज्यानं लिहिलं त्यानं थ्रेशर खरंच पाह्यलं हाये. ‘कुंपणाबाहेर’ गाढवापुढे गीता. एक कविता मी उलटीकून वाचली, तरी तेवढीच समजली. ‘धुऱ्यावर’ बरं हाये. त्यात बायाईच्या कविता शोधून शोधून वाचल्या. एक कोणी ‘निशिगंधा’ हाये, ते नाव पाहूनच सोडून देली. अत्तराच्या बाटलीवर असते तसं नाव. माही पोरगी असं नाव घेणार नाई.

भगवानराव


जानेफळ
२७ नोव्हेंबर २०२३

भगवानराव, जय भीम.

पत्र वाचून उठले, चहा केला आणि तो तसाच थंड झाला. भज्याच्या पुडीचं मला माहीत नव्हतं. ती मला इतकंच म्हणाली होती, “बाई, तुमचा गठ्ठा माझ्यानं सांभाळला गेला नाही.” सतरा वर्षांची पोर, तुमच्या वाटची माफी तिनं मागितली.

त्या कवितेत काय होतं ते सांगणार नाही. कविता कानावर घेऊनच तुमचं सारं बिघडलं. आता मी कानात सांगून तीच चूक करू का?

नाव मला माहीत आहे का, हेही विचारू नका.

आणि एक सांगते. अंक असा वाचू नका. हरवलेली म्हैस शोधत माणूस दुसऱ्याच्या शेतातून जातो, तेव्हा त्याला पीक दिसत नाही. तुम्ही कविता वाचत नाही, खुणा शोधता. नाव बघून एखादी सोडून देता! मी म्हटलं होतं, शेवटच्या पानापर्यंत वाचा. परत वाचा. पहिल्यापासून.

धम्मशीला अंभोरे


सुलतानपूर
८ जानेवारी २०२४

बाई, जय भीम.

सापडली! धम्मशीलाबाई, सापडली माही पोरगी!

‘पाखडण’चा नवा अंक आला. पान चौतीस. कवितेखाली नाव ‘छकुली’. बाई, लहानपणी मी तिले छकुलीच म्हणत होतो! कवितेत बाप हाये. तो अंगणात पोरीच्या चपला उन्हात ठेवते अन् संध्याकाळी आत घेते. पोरगी घरी नाई, पण चपला ठेवणं चुकत नाई. मी वाचून ढसाढसा रडलो. वैष्णवीच्या जुन्या चपला अजून ओसरीत हायेत, हे तिले तानुबाईनंच सांगितलं असन.

खाली पत्ता छापला हाये, मलकापूरचा. तुम्ही नाव सांगत नोत्या, पण पाह्या, बाप वाचला अन् बापाले सापडली. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. तिच्यासाठी तुरीच्या शेंगा काढून ठेवल्या हायेत.

भगवानराव


जानेफळ
१३ जानेवारी २०२४

भगवानराव,

पत्र आज हाती आलं. तोवर तुम्ही जाऊन आला असाल. मी देवाला मानत नाही, नाहीतर टपालखात्यासाठी नवस बोलले असते.

ती वैष्णवी नाही. एवढं तरी मला सांगावंच लागेल. ‘छकुली’ या नावानं कोण लिहितं ते मला माहीत नव्हतं, आज संपादकांना विचारून घेतलं. तुम्ही कसे आहात, ते लगेच कळवा.

धम्मशीला


सुलतानपूर
२० फेब्रुवारी २०२४

बाई, जय भीम.

महिना झाला, हातात पेन धरवत नोतं.

मलकापूरले पत्ता इचारत गेलो. एका चाळीत तिसरं दार. दार उघडलं एका माणसानं, चाळीस-पंचेचाळीसचा. म्हटलं, छकुली इथंच राह्यते का? तो माह्या तोंडाकडे पाह्यतच राह्यला. मंग म्हणे, “काका, आत या.”

देवानंद त्याचं नाव. कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर हाये. छकुली त्याची पोरगी. पाच वर्षाची होती, तापात गेली, अकरा वर्ष झाली. कविता तोच लिहिते, नाव तिचं टाकते. मी इचारलं, काऊन बे असं? त म्हणे, “काका, तिचं नाव शाळेच्या हजेरीतही चढलं नाई. कुठंतरी छापून यावं, एवढंच.” अन् त्या चपला खऱ्या हायेत. दारातच होत्या, माह्या पंजाएवढ्या.

बाई, मी तिथं तुरीच्या शेंगाची पिशवी घेऊन उभा होतो. माही पोरगी जिवंत हाये, नोकरी करते, अन् मी तिले मेल्यासारखं धुंडून राह्यलो. अन् हा माणूस मेलेल्या पोरीले अकरा वर्षापासून वाढवून राह्यला. आपलेच दात अन् आपलेच ओठ, दोष कोणाले देऊ?

त्यानं जेवू घातलं. त्याच्या बायकोनं त्याच शेंगा उकडल्या. जेवताना मी माही सारी कहाणी सांगितली. त देवानंद म्हणे, “काका, तुम्ही तिले कायले धुंडता? तुम्ही तिले दिसा. आम्ही लिहिणारे अंक आला की आधी वाचकाईची पत्रं उघडतो. माह्या पोरीले कोणी काही म्हटलं का, ते पाह्यतो. मंग बाकीचा अंक.”

तुम्ही लिहिलं, ‘ती वैष्णवी नाही’. म्हणजे तुम्हाले माहीत हाये. मले राग आला पाहिजे होता, पण आला नाई. तिनं तुमच्याकून शब्द घेतला असन. पाळा तो. मले नाव नका सांगू.

भगवानराव


जानेफळ
२८ फेब्रुवारी २०२४

भगवानराव, जय भीम.

होय, शब्द दिलाय. ती म्हणाली होती, “बाई, बाबांना माझा पत्ता देऊ नका. त्यांनी वाचायला घेतलं तर मी त्यात आहेच.” तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तिला कळवलंसुद्धा नाही. वाटलं, दोन अंकांत कंटाळतील, पोरीला उगीच आस लागेल. तुमच्याबद्दल मी चुकीचा अंदाज बांधला. हे आता लिहून देते.

मला तुमची दोघांचीही ओढ दिसते आणि मधे मी अशी तोंड शिवून बसलेय. सोपं नाही हो ते.

देवानंद म्हणतात ते करा. पण पत्र लिहाल तर वाचक म्हणून लिहा. ‘पोरी, घरी ये’ असं लिहू नका. ते पत्र संपादक छापतील, पण ती वाचणार नाही.

धम्मशीला


(‘धुऱ्यावर’, मार्च–एप्रिलचा अंक, मे महिन्यात निघालेला. ‘वाचकांची पत्रं’, पान ४६)

संपादक महाशय,

मी सुलतानपूरचा शेतकरी. सातवी शिकलो. तुमचा वर्गणीदार हाये. मले शुद्ध लिहिता येत नाई, तुम्ही दुरुस्त करू नका.

मागच्या दिवाळीच्या अंकात निशिगंधा या बाईची कविता आली होती. मी तवा नाव पाहून सोडली होती. चूक झाली. आता सारे अंक पहिल्यापासून वाचले, तवा वाचली. आश्रमशाळेतल्या पोरी सकाळी रांगेत बसतात अन् मास्तरीण एकेकीच्या वेण्या घालते, अशी कविता हाये. चांगली हाये. मी ती चार-पाचदा वाचली.

त्यात बाईनं लिहिलं की वेणी घट्ट घालावी, म्हणजे दिवसभर सुटत नाई. हे मले पटलं नाई. घट्ट घातली त लेकराचं कपाळ दुखते, पण ते सांगत नाई. मले माहीत हाये, कारण मी घातल्या हायेत. माही बायको गेली तवा पोरगी चार वर्षाची होती. तिची वेणी मी घालत होतो, पाचवीपर्यंत. बैलाचा कासरा वळाची सवय, म्हणून सुरुवातीले लय घट्ट होत होती. गावात कोणाले माहीत होऊ नये म्हणून दार लावून घालत होतो. त्याची मले लाज वाटत होती. आज वाटत नाई, म्हणून छापाले देऊन राह्यलो.

एक विनंती. बंद पडलेल्या ‘वखर’ त्रैमासिकाचा २०१५ सालचा पोळ्याचा अंक कोणापाशी असन त मले वाचाले द्यावा. त्यातली एक कविता मी वाचाची राहून गेली हाये. अंक वाचून वापस करीन. मी एकदा असे अंक रद्दीत घातले होते. आता घालत नाई.

भगवानराव मापारी, मु. पो. सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलढाणा


सुलतानपूर
११ जून २०२४

बाई, जय भीम.

काल पोस्टमन आला. म्हणे, “काका, आज मासिक नाई, पाकिट हाये.” वर पोरीचं अक्षर होतं. ओट्यावरच पाकिट फोडलं.

आत पत्र नोतं. एकच पान होतं, ‘वखर’चं. आठ घड्या पडलेलं, पिवळं, तेलाचे डाग. बाई, तोच कागद हाये. भज्याचा. मले वाटे तिनं तो चुलीत घातला असन. तिनं सांभाळला.

तुम्ही सांगितली नाई ते बरं केलं. मी सावकाश वाचली, बोट ठेवून. तुमच्यासाठी शेवट उतरवून देतो:

पोळ्याच्या सकाळी बाबा
आधी माझी वेणी घालतात,
मग बैलांना सजवतात.
बैल रुबाबदार दिसतात.
माझी वेणी वाकडी येते.
मी ती दिवसभर सोडत नाही.

बस, एवढंच. एवढ्यासाठी हॉटेलवाले हासले अन् एवढ्यासाठी मी तुमच्याशी तंडलो. तिनं मले छापून काढलं, ते असं. पंधरा माणसाईच्या हासण्यापाई मी सहा वर्षं पोरीचं तोंड पाह्यलं नाई.

अन् तुमच्या काही मासिकाईची ती पद्धत, कवितेखाली पत्ता छापाची. तिथं छापलं हाये, ‘वैष्णवी भगवानराव मापारी, मु. पो. सुलतानपूर’. माहं नाव मधात, पुरं. ते तिनं खोडलं नाई. त्याच्याखाली निळ्या पेनानं लिहिलं हाये, ‘हल्ली मुक्काम’, अन् पांढरकवड्याकडच्या एका आश्रमशाळेचा पत्ता. त्याच्याखाली कंसात ‘निशिगंधा’.

नोव्हेंबरातच माह्या हातात होती बाई, अन् मी पान पलटवलं.

‘ये’ असं तिनं लिहिलं नाई. निस्ता पत्ता देला. जाऊ का नको, हे तुम्हाले इचारणार होतो. पण पत्राचं उत्तर यायले आठ दिवस लागतात, अन् आता मह्याच्यानं आठ दिवस निघत नाईत.

भगवानराव

ता. क. हे स्टँडवरून लिहून राह्यलो. गाडीले अर्धा तास हाये. भजेवाला अजून तिथंच बसते. वाटेत खायले त्याच्याकून भजे घेतले. पुडीचा कागद आधी दोन्हीकून वाचून पाह्यला. पेपरातला बाजारभाव होता. मंगच भजे बांधू देले.